राणीला पंख नसतात: एका लष्करी मुंगीचं नाव आणि तिचा नकाशा

१८४२ साली जॉन ओबाडाया वेस्टवुड या इंग्रज कीटकतज्ज्ञाने ब्राझीलमधून आलेल्या एका कीटकाचं वर्णन छापलं. कीटक पंखवाला होता, चांगला मोठा, लांबट आणि जाडजूड पोटाचा. घाईने पाहणाऱ्याला गांधीलमाशीच वाटावी असा. विल्यम जॉन बर्चेल १८२५ ते १८३० या काळात ब्राझीलमध्ये वनस्पती आणि प्राणी गोळा करत हिंडला होता, आणि त्याच्या नावावरून वेस्टवुडने या कीटकाला लॅबिडस बर्चेली म्हटलं. (आफ्रिकेतल्या एका झेब्र्यालाही याच बर्चेलचं नाव मिळालं आहे.)

पुढे १८८६ मध्ये ऑस्ट्रियाच्या गुस्ताव मायरने अमेरिका खंडातल्या एका लष्करी मुंगीला नाव दिलं: एसिटॉन फोरेली. बिनपंखी, जवळपास आंधळी, हजारोंच्या रांगेत चालणारी ही कामकरी मुंगी. स्वित्झर्लंडचे मुंगीतज्ज्ञ ऑगस्ट फोरेल यांच्या सन्मानार्थ तिचं नाव ठेवलं गेलं.

नावं दोन, वंश दोन, वर्णनं दोन. प्राणी मात्र एकच. वेस्टवुडच्या हाती आला होता तो नर. मायरच्या समोर होती ती कामकरी. म्हणजे एकाच राणीच्या पोटची भावंडं निरनिराळ्या वंशांत जाऊन बसली होती.

आज या मुंगीला एसिटॉन बर्चेली म्हणतात. लष्करी मुंग्यांपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासलेली ही जाती आहे. तिची ओळख लागायला इतका उशीर का झाला आणि ती जगाच्या नेमक्या याच तुकड्यात का सापडते, हे दोन प्रश्न वरवर वेगळे वाटतात. माझ्या मते दोन्हींची किल्ली एकच आहे. या मुंगीच्या नराला पंख असतात आणि राणीला ते कधीच येत नाहीत.

आधी चार शब्द स्पष्ट करून घेऊ. या लेखात ‘जाती’ म्हणजे जीवांचा सर्वांत लहान पक्का गट; त्यातले नर-मादी आपसांत प्रजनन करतात. जवळच्या जातींचा मिळून होतो तो ‘वंश’. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. एकाच जातीच्या प्रादेशिक रूपांना ‘उपजाती’ म्हणतात. सगळ्या मुंग्यांचं कुल एकच आहे आणि त्या कुलाचे जे मोठे भाग पडतात ती उपकुलं. एवढी शिदोरी पुरेशी आहे.

छावणी आणि कूच

‘लष्करी मुंगी’ हे नाव तिच्या राहणीमुळे पडलं, आणि ही राहणी तीन गोष्टींनी ओळखता येते. पहिली: या मुंग्या शिकारीला एकेकट्या जात नाहीत. बहुतेक मुंग्यांत टेहळणी करणारी एक मुंगी बाहेर पडते, खाणं सापडलं की परत येऊन इतरांना बोलावते. लष्करी मुंग्यांत टेहळणी नाहीच, सुरुवातीपासून सगळी फौजच निघते. दुसरी: कायमचं वारूळ नाही, मुक्काम हलता. तिसरी: राणी जन्मतःच बिनपंखी, आणि वसाहत वाढते ती दुभंगून. तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यातली एक काढली तर बाकीच्या टिकणं अवघड.

एसिटॉन बर्चेलीची वसाहत साधारण ३ ते ७ लाख मुंग्यांची असते. तिला घर नाही. त्या स्वतःच घर होतात. एखाद्या पडलेल्या ओंडक्याखाली, झाडाच्या ढोलीत किंवा दोन मुळांच्या बेचक्यात कामकरी मुंग्या पायांच्या आकड्यांनी एकमेकींना धरून लोंबकळतात, त्यांना आणखी मुंग्या धरतात, आणि असा जिवंत मुंग्यांचाच एक मोठा गोळा तयार होतो. या गोळ्याच्या पोटात राणी, अंडी आणि अळ्या असतात. बाहेर हवा गार झाली तरी आतली ऊब फारशी उतरत नाही. मराठीत याला ‘छावणी’ म्हणणंच मला योग्य वाटतं, फक्त या छावणीचे तंबू आणि मेखा मुंग्यांच्याच शरीराच्या आहेत.

सकाळी उजाडलं की छावणीतून लोंढा बाहेर पडतो. पुढची फळी १० ते १५ मीटर रुंद पसरते आणि पाचोळा ढवळत सरकते. झुरळं, नाकतोडे, कोळी, विंचू, दुसऱ्या मुंग्यांच्या अळ्या आणि कोष, जे वाटेत येईल ते कापून मागे पाठवलं जातं. या मुंग्यांचे डोळे नावापुरतेच आहेत. सगळा कारभार वासाच्या खुणांवर आणि स्पर्शावर चालतो. कामकरी मुंग्या आकाराने एकसारख्या नसतात. सर्वांत लहान मुंग्या अळ्यांची देखभाल करतात, लांब पायांच्या मुंग्या मोठं भक्ष्य पोटाखाली धरून वाहून नेतात आणि फिकट डोक्याच्या सैनिक मुंग्यांना हुकासारखे वाकलेले लांबलचक जबडे असतात. सैनिकांचे हे जबडे इतके वाकडे आहेत की त्यांनी भक्ष्य वाहता येत नाही. ते आहेत फक्त संरक्षणासाठी.

या हालचालींमागची शिस्त उलगडली ती अमेरिकन संशोधक थिओडोर श्नेइर्ला यांनी. १९३२ पासून त्यांनी पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर वसाहतींचा दिवसरात्र पाठलाग केला. तोवर समज असा होता की एका जागचं खाणं संपलं की मुंग्या मुक्काम हलवतात. श्नेइर्लांना दिसलं ते वेगळंच. सुमारे १५ दिवस वसाहत जवळजवळ रोज रात्री मुक्काम हलवते, मग सुमारे २० दिवस एकाच जागी थांबते, आणि हे चक्र वर्षभर चालू राहतं. चक्राची सूत्रं अळ्यांच्या हाती असतात. अळ्या वाढत्या आणि भुकेल्या असतात तोवर वसाहत फिरते. अळ्या कोषात गेल्या की भूक ओसरते आणि वसाहत स्थिरावते. याच थांबलेल्या काळात राणीचं पोट फुगतं आणि ती काही दिवसांत लाखभराहून जास्त अंडी घालते. ती अंडी फुटायच्या सुमारास जुन्या कोषांतून नव्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात. वसाहतीत एकदम खळबळ उडते आणि पुन्हा कूच सुरू होतं. लाखो जीवांच्या हालचालीचं वेळापत्रक त्यांच्या सर्वांत असहाय्य सदस्यांनी ठरवावं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे राणी. एवढी अंडी घालणाऱ्या मादीचं पोट प्रचंड असतं आणि अशी मादी उडू शकत नाही. शिवाय तिला एकटीने नवं घर उभारायचंच नसतं. बहुतेक मुंग्यांत पंखवाली तरुण राणी उडते, समागम करते, पंख गाळून टाकते आणि एखाद्या बिळात एकटीच नवा संसार मांडते. लष्करी मुंग्यांत एकट्या राणीचा संसार शक्यच नाही, कारण फौजेशिवाय शिकार नाही. त्यामुळे वसाहतच दोन भागांत फुटते. एक भाग एका राणीबरोबर एका दिशेला जातो, दुसरा दुसरीबरोबर. जी राणी नको असते तिला कामकरी मुंग्या अडवून धरतात आणि मागे सोडून देतात.

नर मात्र उडतो. आपल्या वसाहतीतून निघून तो दुसऱ्या वसाहतीचा माग काढतो, तिच्या रांगेत शिरतो आणि कामकरी मुंग्यांनी स्वीकारलं तरच राणीपर्यंत पोहोचतो. या नराचं शरीर थेट राणीच्या घडणीचं वाटतं: तसंच लांब, तसंच भरदार पोट. अमेरिकेतल्या लष्करी मुंग्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी यावर एक मत मांडलं आहे. राणीची निवड जशी कामकरी मुंग्या करतात तशीच नराचीही करतात, आणि म्हणून दोघांच्या अंगी सारखी लक्षणं आली. मला हे स्पष्टीकरण पटतं.

तुकड्यातुकड्यांनी मिळालेलं नाव

आता नावांचा घोळ का झाला हे आपोआप समजेल. नर वर्षातून थोडाच काळ, बहुतेक कोरड्या ऋतूत, तयार होतात. ते रात्री उडतात आणि दिव्यावर येतात. कीटक गोळा करणाऱ्याच्या डबीत नर जातो तो दिव्याखालून, कामकरी जाते ती जंगलातल्या रांगेतून, आणि राणी तर जातच नाही, कारण ती लाखो मुंग्यांच्या गोळ्याच्या मधोमध असते. संग्रहालयात तिघे तीन वेगळ्या पेट्यांत पोहोचतात. दिसायला ते एकमेकांचे कोणीही लागत नाहीत, मग त्यांना एकत्र आणायचं कोणी आणि कशाच्या आधारावर?

हे फक्त बर्चेलीच्या बाबतीत घडलेलं नाही. जीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या खुद्द लिनीयसने १७६४ मध्ये आफ्रिकेतल्या एका लष्करी मुंगीच्या नराला गांधीलमाशांच्या वंशात बसवलं आणि व्हेस्पा हेल्व्होला असं नाव दिलं. आज ती डोरायलस वंशातली मुंगी मानली जाते. याच डोरायलसच्या एका आशियाई जातीची राणी १८६३ मध्ये जावाहून आली, तेव्हा तिच्यासाठी डिक्थाडिया नावाचा वेगळा वंशच काढला गेला. तो वंश पुढे मोडीत निघाला, पण लष्करी मुंग्यांच्या बिनपंखी, फुगीर राणीला तज्ज्ञांच्या भाषेत आजही त्याच शब्दावरून नाव आहे.

अमेरिका खंडात कामकऱ्यांसाठी लत्राय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०४ मध्ये एसिटॉन वंश काढला होता. तीन वर्षांनी ज्युरीनने नरांसाठी लॅबिडस काढला. अनेक दशकं हे दोन वंश शेजारी शेजारी नांदले. मग एकाच वसाहतीत कामकरी आणि पंखवाले नर एकत्र सापडू लागले तसे धागे जुळत गेले. कोणता लॅबिडस कोणत्या एसिटॉनचा भाऊ, हे एकेक करून ठरवावं लागलं. काही लॅबिडस नर खरोखरच वेगळ्या वंशाचे निघाले, म्हणून लॅबिडस हा वंश आजही शिल्लक आहे. बर्चेलीचा नर मात्र एसिटॉनचा निघाला.

मग नाव कोणतं ठेवायचं? प्राण्यांच्या नामकरणाचा नियम साधा आहे: जे नाव आधी छापलं गेलं, ते खरं. १८४२ हे १८८६ च्या आधी येतं. म्हणून जंगलात लाखोंनी दिसणाऱ्या कामकरीचं नाव मागे पडलं आणि दिव्यावर आलेल्या नराचं नाव सगळ्या जातीला मिळालं. काहींना हे अन्यायाचं वाटेल. पण हा नियम नसता तर प्रत्येक पिढीने आपल्या पसंतीचं नाव ठेवलं असतं आणि जुन्या नोंदी कोणत्या मुंगीच्या आहेत हे कळेनासं झालं असतं.

एक बारीक गोष्ट अशी की रोमन लिपीत या नावाच्या शेवटी ‘आय’ हे अक्षर दोनदा येतं. विसाव्या शतकातल्या कितीतरी शोधनिबंधांत ते एकदाच लिहिलेलं आढळतं. दोन्ही शब्द एकाच मुंगीचे आहेत; मूळ वर्णनात अक्षर दोनदा असल्यामुळे आता तेच ग्राह्य धरतात. जुनं लेखन शोधणाऱ्याला हे माहीत नसेल तर अर्धी माहिती हातातून निसटते.

१९५५ मध्ये थॉमस बोर्गमायर यांनी अमेरिका खंडातल्या सगळ्या लष्करी मुंग्यांचा एकत्र आढावा घेतला. बोर्गमायर जर्मनीत जन्मलेले, ब्राझीलमध्ये आयुष्य घालवलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू. त्यांनी लावलेली व्यवस्था पुढे अनेक दशकं पायाभूत राहिली. बर्चेलीच्या उपजातींत मायरचं जुनं नावही जिवंत आहे: मध्य अमेरिकेतल्या एका रूपाला एसिटॉन बर्चेली फोरेली म्हणतात. आग्नेय ब्राझीलच्या बाजूचं रूप ते मूळ बर्चेली, अॅमेझॉनच्या खोऱ्यातलं क्युपिएन्स आणि मेक्सिकोकडून खाली मध्य अमेरिकेत आढळणारं पार्व्हिस्पायनम. रंगछटा आणि शरीरावरच्या काट्यांसारख्या बारकाव्यांवरून ही रूपं वेगळी केली गेली. फोरेलीबद्दल शेवटी पुन्हा बोलू.

वरच्या पातळीवर, म्हणजे उपकुलाच्या बाबतीतही मोठी उलथापालथ झाली. पूर्वी अमेरिकेतल्या लष्करी मुंग्यांचं उपकुल वेगळं, आफ्रिका-आशियातल्या डोरायलसचं वेगळं आणि एनिक्टस या आणखी एका लष्करी वंशाचं तिसरंच मानत. २०१४ मध्ये ब्रेडी, फिशर, शुल्ट्झ आणि वॉर्ड या चौघांनी जनुकीय पुराव्यांवरून अशी सहा उपकुलं एकत्र करून एकच डोरायलिनी ठेवलं. २०१६ मध्ये मारेक बोरोविएच यांनी या उपकुलातल्या वंशांची नव्याने मांडणी केली, तेव्हा २८ वंश मान्य झाले. यातले सगळे ‘लष्करी’ नाहीत. कित्येक वंशांच्या मुंग्या लहान वसाहतींत गुपचूप राहतात आणि दुसऱ्या मुंग्यांच्या घरट्यांवर छापे घालतात. उलट डोरायलिनीच्या बाहेरच्याही काही मुंग्या झुंडीने शिकार करतात. लष्करी असणं ही राहणी आहे, रक्ताचं नातं नाही. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचा वाद समजायला सोपा जातो.

वाद असा. लष्करी राहणी एकदाच निर्माण झाली की दोनदा? २००३ मध्ये ब्रेडी यांनी मांडलं की ती एकदाच झाली, सुमारे १०.५ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा दक्षिणेकडचे भूखंड गोंडवन या महाखंडाच्या रूपाने जोडलेले होते, किंवा नुकतेच तुटत होते. हा युक्तिवाद आकर्षक होता, कारण त्यात राणीच्या नसलेल्या पंखांचं उत्तर मिळत होतं. समुद्र ओलांडता न येणारी मुंगी अमेरिकेतही आहे आणि आफ्रिकेतही आहे, तर मग खंडच फुटून तिला दोन्हीकडे घेऊन गेले असणार. पण २०१९ मध्ये बोरोविएच यांनी कितीतरी जास्त जनुकीय माहिती वापरून उलटं उत्तर दिलं. अमेरिकेतल्या लष्करी मुंग्यांचे आणि जुन्या जगातल्यांचे (म्हणजे आफ्रिका-आशियाकडच्यांचे) पूर्वज वेगळे आहेत, आणि ती राहणी दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे उगवली. बिनपंखी राणी, फिरती छावणी, झुंडीची शिकार, हा सगळा संच निसर्गाने दोनदा जुळवला. म्हणजे एसिटॉन आणि डोरायलस एकमेकांसारखे दिसतात ते नात्यापेक्षा धंद्यामुळे.

पायी काढलेला नकाशा

एसिटॉन बर्चेलीचा प्रदेश मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत आहे. मध्ये मध्य अमेरिका, अॅमेझॉनचं खोरं, ब्राझीलचा मोठा भाग आणि पॅराग्वे. मुख्यतः ही सखल, ओलसर जंगलांची मुंगी. डोंगरावरच्या गार जंगलातही ती चढते, पण तिथे छावणी उघड्यावर न टाकता जमिनीखालच्या पोकळीत टाकते. अँडीजच्या बर्फाळ उंचीवर तिचं काही चालत नाही, त्यामुळे पर्वताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वसाहतींत अंतर पडत गेलं. तिच्या उत्तरेला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जी लष्करी मुंगी भेटते ती बहुतेक वेळा निव्हामर्मेक्स या वंशातली. ती जमिनीखाली राहून थंडी आणि कोरडेपणा सोसते.

या नकाशातली बेटं पाहिली की राणीच्या पायांची खूण दिसते. त्रिनिदादमध्ये बर्चेली आहे. क्युबा, जमैका, हिस्पॅनिओला या मोठ्या बेटांवर आज एकही लष्करी मुंगी नाही. त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिकेचाच तुकडा आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा ते मुख्य भूमीला जोडलेलं होतं आणि तिथे चालत जाता येत होतं. जुन्या जगातही हाच नमुना दिसतो. श्रीलंकेत एनिक्टस आहे, कारण श्रीलंका भारताला जोडलेली होती. मादागास्कर आफ्रिकेसमोरच आहे, पण तिथे ना डोरायलस आहे, ना एनिक्टस. मधल्या खाडीने त्यांना रोखलं.

पण निसर्ग आपल्या सरळ नियमांना अपवादही ठेवतो, आणि ते लपवणं बरोबर नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकात, म्हणजे हिस्पॅनिओलाच्याच एका भागात, सुमारे दीड ते दोन कोटी वर्षं जुन्या झाडांच्या डिंकाचा दगड झालेला सापडतो. तो म्हणजे अंबर. अशा एका अंबरात एडवर्ड विल्सन यांना निव्हामर्मेक्सच्या कामकरी मुंग्या मिळाल्या. १९८५ मध्ये त्यांनी तिला नाव दिलं निव्हामर्मेक्स एक्टोपस. ग्रीक अर्थ साधारण ‘जागा चुकलेली’. म्हणजे आज जिथे एकही लष्करी मुंगी नाही, तिथे एके काळी त्या होत्या, आणि नंतर नामशेष झाल्या. २०२२ मध्ये आणखी एक धक्का बसला. बाल्टिक प्रदेशातल्या सुमारे ३.५ कोटी वर्षं जुन्या अंबरातून जेमतेम ३ मिलिमीटरची एक आंधळी लष्करी मुंगी ओळखली गेली, आणि तो खडा अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं पडून होता. त्या काळी युरोप आजच्यापेक्षा उष्ण होता. मुंग्या आज कुठे नाहीत यावरून त्या तिथे कधीच नव्हत्या असं म्हणता येत नाही.

या सगळ्यातला सर्वांत सुंदर पुरावा पनामातून येतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी पनामाची अरुंद पट्टी सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पूर्ण झाली, असं भूशास्त्रात दीर्घकाळ शिकवलं गेलं. एसिटॉन मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मग तो उत्तरेला कधी गेला? २०१७ मध्ये विन्स्टन, क्रोनॉवर आणि मोरो या संशोधकांनी एसिटॉनच्या जनुकांतले फरक मोजले. उत्तर आलं ४० ते ७० लाख वर्षांपूर्वी. पट्टी पूर्ण होण्याच्या आधीच या मुंग्या पलीकडे पोहोचल्या होत्या, तेही एकापेक्षा जास्त वेळा. पक्षी पोहोचला असता तर तो उडाला असं म्हणून विषय संपला असता. पण इथे राणी चालणारी आहे. तिच्या पायाखाली, निदान थोडा काळ तरी, कोरडी जमीन असलीच पाहिजे. एका मुंगीच्या नसलेल्या पंखांनी भूशास्त्रातल्या तारखेबद्दल साक्ष द्यावी, यासारखं समाधान विज्ञानात क्वचित मिळतं.

बारो कोलोरॅडोचं बेटही याच पट्टीतलं. ते मुळात बेट नव्हतंच, एक टेकडी होती. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेली, गाटून सरोवर भरलं आणि १९१४ च्या सुमारास टेकडीभोवती पाणी आलं. टेकडीवर होत्या त्या वसाहती तिथेच अडकल्या. सुमारे १५ चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर आजवर त्या टिकून आहेत. एकेकाळी तिथे पन्नासच्या आसपास वसाहती मोजल्या गेल्या. पाण्याने राणीला कोंडलं, नराला नाही. पनामातल्या वसाहतींच्या जनुकीय अभ्यासांत दिसलं की नरांच्या उडण्यामुळे वसाहतींमधली जनुकांची देवाणघेवाण चालू राहते. शिवाय एक राणी सरासरी डझनभर नरांशी समागम करते, त्यामुळे एकाच वसाहतीत पुष्कळ विविधता साठून राहते.

मात्र नर जनुकं नेऊ शकतो, वसाहत नेऊ शकत नाही. जिथली शेवटची राणी मेली तिथे कितीही नर उडत आले तरी नवी वसाहत उभी राहणार नाही. याची किंमत जंगलतोडीत दिसते. ब्राझीलमध्ये मनौस शहराजवळ १९७९ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला: जंगल तोडलं जात असताना मध्ये ठरावीक मापाचे तुकडे राखून ठेवायचे आणि त्यात काय काय उरतं ते वर्षानुवर्षं पाहायचं. बर्चेलीच्या एका वसाहतीला फिरायला साधारण ३० हेक्टर जंगल लागतं. १ आणि १० हेक्टरच्या तुकड्यांतून ही मुंगी गेली. तिच्यामागोमाग गेले तिच्यावर जगणारे पक्षी. हे पक्षी मुंग्यांना खात नाहीत. मुंग्यांच्या पुढच्या फळीतून जीव घेऊन उडणारे कीटक ते टिपतात, आणि काहींचं पोट जवळजवळ पूर्णपणे याच कामावर चालतं. तुकड्याबाहेरची उघडी, उन्हाने तापलेली जमीन मुंग्यांना ओलांडवत नाही, त्या सावलीची वाट धरतात. सावली नसली की वाटच नसते.

आणि प्रश्न फक्त काही पक्ष्यांचा नाही. कार्ल रेटनमायर यांनी आयुष्यभर एसिटॉन बर्चेलीच्या सोबत्यांची नोंद ठेवली: पक्षी, माश्या, भुंगेरे, छावणीतल्या कचऱ्यावर जगणारे माइट. त्यांच्या मृत्यूनंतर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ५५७ जाती आहेत, आणि त्यांतल्या ३०० हून अधिक जाती कमीअधिक प्रमाणात या एकाच मुंगीवर अवलंबून आहेत. एका जातीभोवती बांधलेला प्राण्यांचा एवढा मोठा परिवार दुसरीकडे नोंदलेला नाही. म्हणूनच तिचा नकाशा बारकाईने काढणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

आता फोरेलीकडे परत येऊ. २०१७ च्या त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्याला आपण एकच एसिटॉन बर्चेली म्हणतो, त्याच्या आत लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या शाखा आहेत. मध्य अमेरिकेतल्या शाखा आणि ब्राझीलकडच्या शाखा यांत ज्याला जातींमधलं अंतर म्हणावं इतका फरक आहे. पूर्वी दोन नावं एका मुंगीची निघाली. आता एका नावाखाली अनेक मुंग्या असण्याची शक्यता समोर आहे. कोणता नर कोणत्या कामकरीचा भाऊ, हे ठरवायला आता दोघे एकत्र सापडायची वाट पाहावी लागत नाही. दोघांच्या डीएनएचा एक छोटा तुकडा ताडून पाहिला तरी पुरतं.

पनामातलं रूप वेगळी जाती मानायचं ठरलं, तर नियमाप्रमाणे बर्चेली हे नाव वेस्टवुडच्या नराबरोबर ब्राझीलकडे जाईल, कारण नावाचा मालक तो नमुना आहे. श्नेइर्लांनी बारो कोलोरॅडोवर ज्या वसाहतींमागे रात्री घालवल्या, ज्यांच्यामुळे ही मुंगी जगाला कळली, त्यांना मग मायरने १८८६ मध्ये कामकरीला दिलेलं नाव मिळेल: एसिटॉन फोरेली.